पावसाळ्यात तडकणारं पितळ

‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. त्यांच्या भाषेतल्या ‘कार्तूशु’ या शब्दाच्या मुळाशी कागद आहे, कागदाची सुरळी. आणि काडतूस खरोखरच फार मोठ्या काळापर्यंत कागदाचंच होतं. मोजून घेतलेली दारू आणि एक गोळी अशी पुडी बांधायची, शिपायानं ती दातानं फाडायची, दारू नळीत ओतायची आणि वरून गोळी ठासायची. १८५७ साली या पुडीला लावलेल्या चरबीवरून दमदमच्या छावणीत कुजबुज सुरू झाली. पुढे काय झालं ते आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या काडतुसाबद्दल. त्यातही गोळीबद्दल नाही, तर गोळी निघून गेल्यावर मागे उरते त्या पितळी पुंगळीबद्दल. ‘घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’, एवढाच तिचा उल्लेख आपल्या वाचनात येतो. पण मी बरीच वर्षं धातुशास्त्र शिकवलं आहे, आणि माझं मत असं, की रायफलीतली सर्वांत अवघड वस्तू नळी नव्हे, घोडा नव्हे, ही पुंगळी आहे.

तिचं काम काय, ते आधी पाहू. घोडा पडला, बुडाची टोपी ठिणगी देऊन गेली आणि आतली दारू पेटली, की पुंगळीच्या आत हवेच्या दाबाच्या तीन हजारपटींहून अधिक दाब तयार होतो. हे सारं डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्या दाबानं पुंगळी फुगते आणि रायफलीच्या चेंबरला, म्हणजे ती ज्या खोबणीत बसते तिच्या भिंतीला, घट्ट चिकटते. ती चिकटली म्हणूनच तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येत नाही. पण पुढच्याच क्षणी, दाब ओसरला की तिनं किंचित आक्रसून अंग सोडवून घ्यायला हवं. नाहीतर ती आत अडकून बसेल आणि दुसरं काडतूस भरता येणार नाही. फुगणं आणि आक्रसणं, दोन्ही हवं. धातू फार मऊ असेल तर तो फुगतो, पण परत येत नाही. फार कडक असेल तर फुगण्याऐवजी फाटतो. या दोन टोकांच्या मधली जागा शोधण्यात जवळजवळ पन्नास वर्षं गेली, आणि काही ठिकाणी त्याची किंमत माणसांनी मोजली.

ब्रिटिश सैन्यानं १८६६ साली स्नायडर ही मागून भरायची रायफल स्वीकारली. तिच्यासाठी वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी काडतूस तयार केलं. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली नळी, आणि तिच्या बुडाला लोखंडाची चकती. म्हणजे कागदाच्या सुरळीचीच ही धाकटी बहीण, फक्त पितळेची. १८७१ साली आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीतही अशीच गुंडाळलेली पुंगळी होती. (हिंदी पलटणींना मात्र १८५७नंतर मुद्दाम एक पिढी जुनी बंदूक दिली जाई. गोऱ्यांकडे मार्टिनी होती तेव्हा आपल्या शिपायांकडे स्नायडर.) स्वस्त आणि हलकी अशी ही पुंगळी कवायतीच्या मैदानावर उत्तम चाले.

त्याच काळात अमेरिकेनं वेगळी वाट धरली होती. त्यांची पुंगळी तांब्याची. तांबं मऊ, साच्यात सहज उतरणारं. २५ जून १८७६ रोजी मोंटाना प्रांतात लिटल बिगहॉर्न नदीकाठी जॉर्ज कस्टर आणि त्याच्याबरोबरच्या तुकडीतले दोनशेहून अधिक सैनिक लाकोटा आणि शायान योद्ध्यांच्या हातून मारले गेले. लगेच बोलवा झाली, की तांब्याच्या पुंगळ्या चेंबरमध्ये अडकल्या, सैनिक त्या चाकूनं उचकटत बसले आणि घात झाला. तक्रारीला आधार होता. तांबं फुगलं की पुरेसं आक्रसत नाही, आणि चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेल्या काडतुसांवर हिरवा गंज चढतो, जसा बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की चढतो, तसा. मात्र १९८३ साली त्या रणभूमीवरचं गवत वणव्यात जळालं, तेव्हा पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी ती जमीन मेटल डिटेक्टर घेऊन वीतन् वीत तपासली. उचकटल्याचे ओरखडे असलेल्या पुंगळ्या निघाल्या, पण अगदी थोड्या. कस्टर हरला तो संख्येपुढे आणि स्वतःच्या घाईपुढे. पुंगळीवर खापर फोडणं सोयीचं होतं. तरीही अमेरिकी सैन्यानं पुढे तांबं सोडून पितळ धरलं, आणि ते बरोबरच केलं.

ब्रिटिशांची वेळ आली ती १७ जानेवारी १८८५ला, सुदानच्या वाळवंटात अबू क्लीआ इथे. खार्टुममध्ये वेढल्या गेलेल्या जनरल गॉर्डनच्या मदतीला निघालेली तुकडी चौकोन करून उभी होती. महदीच्या सैनिकांनी चौकोनाचा एक कोपरा फोडला. लढाई जेमतेम पंधरा मिनिटांची, पण त्यात सत्तरहून अधिक ब्रिटिश आणि सुमारे अकराशे सुदानी मेले. चौकोनाबाहेर ढकलत नेलेली गार्डनर यंत्रतोफ काही डझन फैरी झाडून अडकली, आणि मार्टिनी रायफलीही अडकल्या. गुंडाळलेला पातळ पत्रा उन्हानं आणि गोळीबारानं तापलेल्या चेंबरला चिकटे, आत वाळूचे कण असत. आकड्यानं ओढलं की लोखंडी बूड हातात येई आणि नळी आतच राही. अशा वेळी शिपायाच्या हातात बंदूक उरत नाही, संगीन लावलेली काठी उरते. आणि त्या लढाईत संगिनीही वाकल्या! इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ झाला. त्यानंतर गुंडाळलेल्या पुंगळीचे दिवस भरले आणि एकसंध, ओढीव पुंगळी तिच्या जागी आली.

ही ओढीव पुंगळी कशी होते, हे समजलं की पुढची सगळी गोष्ट समजते. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असं पितळ घ्यायचं. त्याच्या पत्र्यातून चकती काढायची. ती दाबून वाटी करायची. मग ती वाटी एकापाठोपाठ एक अशा अरुंद होत जाणाऱ्या डायमधून, म्हणजे पोलादी साच्यांतून, ढकलायची, की वाटीची लांब नळी होते. पण एका दमात नाही. दर ओढीबरोबर पितळ कडक होतं, आणि आणखी ओढलं तर फाटतं. म्हणून मध्ये मध्ये ते भट्टीत सहाशे अंशांच्या आसपास तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ज्यांनी काम पाहिलं आहे त्यांना हे नवीन वाटणार नाही. तांबट हंडा ठोकतो, ठोकता ठोकता पत्रा ‘बोलायला’ लागतो, आवाज बदलतो, की तो भट्टीत जातो आणि लाल होऊन मऊ होऊन परत येतो. आणि शेवटचं मठारकाम करतात ते केवळ नक्षीसाठी नाही. त्या ठोक्यांनी भांडं ताठ होतं. थंड धातूवर काम केलं की तो कडक होतो आणि तापवला की मऊ होतो, हे ज्ञान वुलिचच्या प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी जुनं आहे. पुंगळीत अवघड एवढंच, की एकाच नळीत बूड कडक हवं आणि तोंड मऊ हवं.

पुण्याचा उल्लेख झाला तर खडकीचाही व्हायला हवा. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तिथल्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरं असत, किर्की फॅक्टरी. जगभरच्या काडतूस-संग्राहकांना ही अक्षरं ठाऊक आहेत. २०२१ साली सरकारी आयुध कारखान्यांचं मंडळ बरखास्त झालं आणि खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या नव्या सरकारी कंपनीत गेला.

आता त्या विचित्र आजाराकडे येतो.

ओढीव पुंगळीनं अडकण्याची तक्रार बरीचशी मिटवली. पण हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक वेगळाच अनुभव येऊ लागला. पावसाळ्यात मोहिमा थंडावत. काडतुसं पेट्यांतून कोरड्या, छप्पर असलेल्या जागी ठेवली जात, आणि छावणीत अशी जागा म्हणजे पुष्कळदा घोड्यांचे तबेले. पावसाळा संपला, पेट्या उघडल्या, की काही पुंगळ्यांना चिरा गेलेल्या. कोणी हात लावला नव्हता, कोणी आपटल्या नव्हत्या, गोळी उडाली नव्हती. ठेवल्या जागी, आपोआप. चिरा बहुतेक मानेशी, जिथे पुंगळीचं तोंड गोळीवर आवळलेलं असतं तिथे. अशी चिरलेली पुंगळी उडवली तर वायू कुठून बाहेर पडेल याचा नेम नाही.

या दोषाला इंग्रजांनी नाव दिलं ‘सीझन क्रॅकिंग’. सीझन म्हणजे ऋतू, आणि लाकूड मुरवताना ते तडकतं त्या क्रियेलाही तोच शब्द. कुठल्याही अर्थानं घ्या, ठपका गेला हवेवर. मला या नावाची नेहमी गंमत वाटत आली आहे. एखाद्या रोगाला गावाचं नाव द्यावं, म्हणजे रोग त्या गावानंच काढला असं लोकांना वाटत राहतं, तसंच हे. आपला पाऊस शेकडो वर्षं पितळेवर पडत होता. देवळांतल्या घंटा, घरातले हंडे, गोठ्यातल्या गुरांच्या गळ्यातल्या घाटा. गोठ्यात तर मूत्र आणि ओल दोन्ही बारमाही. तरी ओतीव घाट पिढ्यान् पिढ्या शाबूत राही. मग काडतुसालाच काय झालं?

उत्तराचा अर्धा भाग जर्मनीत मिळाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एमिल हाइन या शास्त्रज्ञानं थंड ओढलेल्या धातूच्या दांड्यांचे बाहेरचे थर एकेक करून काढले आणि दर वेळी उरलेल्या भागाची लांबी मोजली. लांबी बदलत होती! म्हणजे दांडी वरून स्वस्थ दिसत असली तरी आत तिचा एक थर दुसऱ्याला ताणत होता. ओढण्याचं काम संपलं तरी ताण संपला नव्हता. ओतीव घाटेत असा ताण फारसा नसतो. ओढीव पुंगळीत तो ठासून भरलेला असतो.

दुसरा अर्धा भाग १९२१ साली जुळला, आणि तोही वुलिचलाच, जिथे कर्नल बॉक्सरनं पहिली पितळी पुंगळी गुंडाळली होती. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं, की दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय पितळ तडकत नाही. एक, धातूतला उरलेला ताण. दोन, अमोनिया. घोड्याच्या मूत्रातून अमोनिया सुटतो. पावसाळी दमट हवेत पुंगळीवर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा बसतो, त्यात अमोनिया विरघळतो आणि पितळेच्या कणांमधल्या सांध्यांत शिरून तांबं खातो. ताण नसेल तर एवढ्यावर भागतं, थोडा डाग पडतो. पण आत ताण असेल, तर खाल्लेला सांधा उघडतो, त्या फटीत अमोनिया आणखी खोल जातो, फट आणखी उघडते. शेवटी चीर. कोरड्या हवेत पापुद्रा बसत नाही, म्हणून उन्हाळ्यात काही होत नाही. पावसाळा गुन्ह्याच्या जागी हजर होता हे खरं, पण मूळ दोष कारखान्यातूनच बरोबर आला होता.

वर्गात मी हा भाग शिकवायचो तेव्हा मुलं विचारत, ‘सर, मग तबेला बदलायचा की काडतूस?’ प्रश्न चांगलाच आहे. तबेला बदलणं हा उपाय एका छावणीपुरता. वुलिचच्या मंडळींनी काडतूस बदललं. त्यांना आढळलं, की तयार पुंगळी अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास हलकेच तापवली तर आतला ताण निघून जातो आणि पितळेचा कडकपणा मात्र जवळजवळ तसाच राहतो. पूर्ण भाजायचं नाही, नुसतं शेकायचं. पुंगळीत ताण उरला आहे की नाही हे ओळखण्यासाठी ती पाऱ्याच्या एका क्षाराच्या द्रावणात बुडवण्याची चाचणीही रूढ झाली. ताण असेल तर चीर थोड्याच वेळात डोळ्यांदेखत उमटते. पारा विषारी, त्यामुळे आता त्याऐवजी अमोनियाचीच वाफ देतात, म्हणजे तबेलाच प्रयोगशाळेत आणला म्हणायचा.

ही सगळी जुनी गोष्ट झाली असं कोणाला वाटेल. पण ती रोज नव्यानं घडते, आणि तीही कारखान्यात नव्हे, घरोघरी. अमेरिकेत शेकडो-हजारो हौशी नेमबाज आणि शिकारी वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून घरीच पुन्हा भरतात. ही सवय तिथे मुरलेली आहे. १८७०च्या दशकात रानरेड्यांचे शिकारी शेकोटीशेजारी बसून काडतुसं भरत. पुढच्या दशकात सैन्यानंही नेमबाजीच्या सरावासाठी ठाण्याठाण्यांवर तेच केलं. १९४३ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात फ्रेड हंटिंग्टन या तरुणानं या कामाची अवजारं बनवायला सुरुवात केली आणि त्याचा मोठा उद्योग झाला. यात एक मजेदार उलटापालट आहे. पुंगळीच्या बुडाच्या टोपीचे दोन प्रकार आहेत, एक इंग्रज कर्नल बॉक्सरचा, दुसरा अमेरिकन कर्नल हायरम बर्डनचा. बॉक्सरच्या टोपीमागे मधोमध एकच भोक, एका सुईनं जुनी टोपी बाहेर पडते. बर्डनच्या टोपीमागे कडेला दोन बारीक भोकं, ती काढणं किचकट. अमेरिकनांनी इंग्रजाची टोपी उचलली आणि युरोपातल्या बहुतेक सैन्यांनी अमेरिकनाची! त्यामुळे घरी भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, हे एक कारण तरी नक्कीच.

उडवलेली पुंगळी फुगलेली असते. ती परत मापात आणायला पोलादी डायमध्ये दाबून काढावी लागते. इथेच कटकटी सुरू होतात. हौशी माणूस चक्रावतो तो असा: डाय तीच, तिचं माप तेच, पहिल्या चार-पाच वेळा सगळं ठीक, आणि एक दिवस पुंगळी डायमधून निघते पण रायफलीत बसत नाही. तो डायला दोष देतो, ती आणखी खाली घट्ट करतो. वास्तविक डाय बिचारी निर्दोष असते. दर वेळी फुगून आणि दबून पितळ कडक झालेलं असतं, आणि कडक पितळ दाब सोडताच जास्त उसळी घेऊन मागे येतं. खांदा हवा तिथे राहत नाही. पुंगळीत तेच साचलेलं असतं, जे हाइननं दांडीत मोजलं आणि तांबटाला पत्र्याच्या आवाजात ऐकू येतं.

डाय जास्त घट्ट केली की उलटा, अधिक धोक्याचा दोष येतो. खांदा गरजेपेक्षा मागे ढकलला जातो आणि चेंबरमध्ये पुंगळीला पुढे मोकळी जागा उरते. उडताना पुढचा भाग भिंतीला चिकटतो, बूड मागे सरकतं, आणि मधली भिंत ताणून पातळ होते. असं तीन-चार वेळा झालं की बुडाच्या थोडं वर बाहेरून एक चकचकीत रेघ दिसते. आतून वाकवलेल्या तारेचं टोक फिरवलं तर तिथे खाच लागते. ही पुंगळी पुढच्या बारात दोन तुकडे होणार. जुन्या ली-एनफील्ड रायफलींत, ज्यांच्यावर आपल्या सैन्याच्या पिढ्या वाढल्या, हे फार होई, कारण त्यांचे चेंबर ऐसपैस असत आणि खटका मागच्या बाजूला अडकत असल्यामुळे सगळं थोडं लवे. युद्धात चिखलातलं काडतूसही बसावं म्हणून चेंबर सैल ठेवलं होतं. पुंगळी पुन्हा वापरायची कल्पना त्यात नव्हती.

बाकीचे दोष किरकोळ. तेल जास्त लावलं तर खांद्यावर पोचा येतो, कमी लावलं तर पुंगळी डायमध्ये रुतून बसते. पण मानेला उभी चीर दिसली, तर ती आपली ओळखीची. जाणकार रीलोडर पितळ चमकवायला अमोनिया असलेलं पॉलिश वापरत नाहीत, आणि काही वेळा उडवून झाल्यावर पुंगळीची फक्त मान तापवून मऊ करतात. फक्त मान. बुडापर्यंत आच गेली आणि बूड मऊ झालं, तर पुढच्या बाराला ते दाब धरत नाही आणि वायू थेट माणसाच्या तोंडावर येतो. या चुकीला दुरुस्ती नाही. बूड मऊ झालेली पुंगळी फेकून द्यायची असते.

आपल्याकडे या छंदाला वाव नाही. शस्त्र कायदा १९५९ सालचा, त्यात परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा गुन्हा आहे. आपल्या नेमबाजांना त्याची गरजही फारशी पडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवलं ते पॉइंट टू-टू काडतुसांवर. त्यांत ठिणगीचं रसायन बुडाच्या कडेच्या घडीत भरलेलं असतं, घोडा ती घडीच चेचतो, आणि ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही.

कधी लष्करी काडतुसांच्या पुंगळ्या हाती आल्या, तर मानेकडे पाहा. बऱ्याच ठिकाणी तिथे निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तवा तापून रंग चढावा तसा. मान भाजल्याची ती खूण. बाजारात विकायच्या काडतुसांवरून कारखाने हा पट्टा घासून काढतात, कारण गिऱ्हाइकाला तो डाग वाटतो. सैन्याच्या मालावर तो मुद्दाम राहू देतात, तपासनिसाला दिसावा म्हणून.